बर्फाची शक्यता नाही

"कोण आहे गं फोनवर?" पलीकडे लांबून सासूचा आवाज आला.

"वहिनी आहे," जिबेकने ओरडून सांगितलं आणि मग फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "अता मेंढ्यांना पाण्यावर घेऊन गेलाय. तू मग कर." फोन बंद झाला.

मीरिम बसच्या थांब्यावर फोन कानाला तसाच लावून उभी राहिली. नोव्हेंबर लागून पाच दिवस झाले होते, सकाळचे साडेआठ वाजले होते आणि बिश्केकच्या रस्त्यावर माणसं कोट हातावर टाकून चालली होती. समोरच्या ओकला अजून निम्मी पानं होती. ती गळत नव्हती, नुसती वाळून कागदासारखी वाजत होती. शेजारी एक बाई पिशवीतली बिहीची पिवळी फळं हुंगून बघत होती. मीरिमची बस आली, दार उघडलं, मिटलं, निघून गेली. आपल्याला बसमध्ये चढायचं होतं हे तिच्या लक्षात आलं तेव्हा धूळसुद्धा खाली बसली होती. वहिनी हा शब्द चुकीचा नव्हता, हेच वाईट होतं. पहिलं मूल आजीआजोबांचं. त्यांच्यात हे असंच चालत आलेलं. आजोबा हेच मुलाचे अता, म्हणजे वडील, आजी हीच अपा, म्हणजे आई. ज्याच्या पोटी ते जन्मलं तो मोठा भाऊ, आणि मोठ्या भावाची बायको ती वहिनी. तिच्या पोटच्या चार वर्षांच्या पोरीने नातं कोणी न शिकवता बिनचूक लावलं होतं. आजवर फोनवर तिचं "हं", "नाही", "जेवले" एवढंच चालायचं. तिने मीरिमला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती, आणि मीरिमने त्या रिकाम्या जागेवर तिला हवं ते नाव ठेवून दिलं होतं. आज ती जागा भरली.

तिचा स्वतःचा थोरला भाऊ, बेकतुर, असाच आजीकडे वाढला होता. तोही आईला वहिनीच म्हणायचा. लहानपणी मीरिमला त्याचं फार हसू यायचं. सुट्टीत हा लांबलचक पोरगा घरी यायचा, उंबऱ्यात पाहुण्यासारखा उभा राहून "वहिनी, पाणी दे" म्हणायचा, आणि आई धावत पाणी आणायची. इतर मुलांना ती घागर दाखवायची, त्याला मात्र धुतलेल्या वाडग्यातून द्यायची. मग आई गेली. दाराबाहेर काठीवर वाकून पुरुषांनी मोठ्याने रडायचं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण गेलं ते त्या रडण्यातून कळलं पाहिजे. बेकतुर ओळीत पहिला उभा होता आणि गळा काढून म्हणत होता, "माझी वहिनी गेली, वहिनी गेली." कोणा काकाने त्याच्या बरगडीत कोपर मारलं, "अरे, आई म्हण, लोक ऐकतायत." त्याने तोंड उघडलं, पण त्याला तो शब्द काही केल्या लावता येईना. तो तसाच, शब्दाशिवाय, नुसता हंबरत राहिला. तेव्हा मीरिम सोळा वर्षांची होती. मेलेल्या आईच्या कानात ते गेलं असेल का, एवढंच तिला त्या दिवशी राहून राहून वाटत होतं.

हवामान कार्यालयात रईसा बोरिसोव्हनाने खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. पस्तीस वर्षं या एका टेबलावर काढलेली बाई. आता सगळे आकडे पडद्यावर येत असले तरी ती नकाशे छापून घ्यायची आणि त्यावर पेन्सिलीने रेषा ओढल्याशिवाय तिला चहा जात नसे. "बघ तुझा पाहुणा," तिने नकाशा पुढे सरकवला, "हलायला तयार नाही. जेवण झालं, निरोप झाला, तरी पाट सोडत नाही." पाहुणा म्हणजे जास्त दाबाचं ते क्षेत्र. सप्टेंबरच्या शेवटी येऊन देशाच्या डोक्यावर बसलं होतं. पाच आठवडे. त्याच्याखाली सगळं स्वच्छ, कोरडं, उबदार. रात्रीचं तापमान सरासरीहून चार अंश वर, दुपारचं आठ. धरणांची पातळी खाली गेली म्हणून शहरात दिवे मंद केले होते, इमारती तापवणारी नळांची ऊब अजून सुरूच झाली नव्हती आणि कोणाला त्याची आठवणही होत नव्हती. मीरिमने रोजचं वाक्य लिहिलं. नारिन विभाग: आकाश निरभ्र, बर्फाची शक्यता नाही. हे वाक्य तिने या पाच आठवड्यांत एवढ्या वेळा लिहिलं होतं की बोटं ते आपणहून उमटवायची. संध्याकाळी साडेसहाला रेडिओवरची बाई ते वाचून दाखवायची, मऊ आवाजात, जणू आनंदाची बातमी. आणि दोन हजार आठशे मीटर उंचीवर, काश्का-बेलच्या शरद-कुरणावर, चाकांवरच्या लोखंडी खोलीत मीरिमचा सासरा रेडिओची तार भिंतीला टेकवून ते ऐकायचा, दाराबाहेर आकाश बघून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि आणखी एक दिवस वर राहायचा.

कारण खालच्या गवताला यंदा उन्हाळ्यातच आग लागल्यासारखं झालं होतं. गंजी निम्मीच भरली होती. वर कुरणात वाळलेलं का होईना गवत उभं होतं, बर्फ नव्हता, मग जितके दिवस मेंढ्या वर चरतील तितके दिवस गंजीला हात लागत नव्हता. सासरे खूष होते. साऱ्या खोऱ्यात त्यांची ऐट वाढली होती. शेजारच्या कुरणावरचा झार्किन घोडा हाणत यायचा आणि विचारायचा, "काय म्हणते सूनबाई? राहायचं की उतरायचं?" आणि सासरे सावकाश तपकीर ओठाखाली ठेवून म्हणायचे, "राहायचं म्हणते." मग झार्किनही राहायचा.

आणि सासूने ऑगस्टमध्ये सांगितलं होतं, "पहिला बर्फ पडला की आम्ही उतरू. मग हिवाळाभर तू ने तिला. शहरात बालवाडीत घाल, रशियन शिकू दे. वसंतात परत आणून सोड." मीरिमने मागितलं नव्हतं. सुनेने तोंड वर करून मागायचं नसतं, आणि मूल परत मागणं म्हणजे तर त्यांच्या तोंडावर त्यांच्या म्हातारपणाचा अपमान. सासूने ते आपण होऊन म्हटलं होतं, पीठ मळता मळता, तिच्याकडे न बघता. मीरिमने त्या दिवसापासून ते वाक्य उराशी धरलं. सप्टेंबरात तिने बाजारातून लाल कोट आणला, टोपीला कापूस लावलेला, एक माप मोठा. तो दाराशी खुंटीवर टांगला. येता-जाता त्याची बाही हाताला लागायची. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तो कोट हीच काय ती दुसरी व्यक्ती होती. नवरा तिलेक तीन वर्षं उरालच्या पलीकडे इमारती बांधत होता आणि रविवारी फोनवर दिसायचा, डोक्यावर शिरस्त्राणाचा वळ, मागे कोणाचं तरी अंथरूण. आणि ती रोज उठून, दात घासून, बस पकडून, स्वतःच्या हाताने लिहायची की बर्फाची शक्यता नाही.

जिबेक नऊ महिन्यांची असताना ते तिला न्यायला आले होते. सासूने पोरीला आपल्या लांब झग्याच्या घेरात आत घेतलं आणि काखेखालून बाहेर काढलं, जणू आत्ताच जन्मली. बायका हसल्या, कोणीतरी बोरसोकचे तळलेले तुकडे उधळले. मीरिमही हसली. हसायचं असतं. ते गेल्यावर तिने वाडगे धुतले, चादर झटकली, आणि मग अंगातला सदरा भिजत गेला. दोन्ही बाजूंनी, थांबेचना. तिने उशी छातीशी धरली. दूध आटायला अकरा दिवस लागले. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी ती नव्हतीच, सगळ्याच बायकांचं होत असेल. पण तेव्हापासून तिला आकड्यांची सवय लागली. अकरा दिवस. सहा दात. आठ किलो दोनशे ग्रॅम. पोरीचा वास कसा होता हे आठवायला गेलं की आकडेच हाताला लागायचे.

ऑक्टोबरात तिने दोनदा बर्फ लिहिला होता. पहिल्यांदा नकाशावर एक बारीकशी लहर दिसली, तिने उंच घाटांवर हलका बर्फ म्हणून टाकलं. सासरे दोन दिवस बांधाबांध करून बसले आणि आकाश काचेसारखं राहिलं. दुसऱ्यांदा लहरही धड नव्हती. रईसा बोरिसोव्हनाने तो कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या पेन्सिलीला बर्फाची भूक लागलीय की काय?"

"तसं नाही, पण थंड हवा इकडून…"

"इकडून कोण येतंय ते मला दिसतंय. कोणी येत नाहीये. पुसून टाक." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "माझा नवरा समुद्रावर होता तेव्हा मला प्रत्येक नकाशात वादळ दिसायचं. डोळ्यांनी बघायचं, काळजाने नाही. काळीज फार वाईट यंत्र आहे, कधीच शून्यावर येत नाही."

मीरिमने पुसलं. पण त्या दिवसापासून तिला स्वतःच्या डोळ्यांची धास्ती बसली. नकाशा समोर आला की ती आधी विचारायची, हे मला दिसतंय की मला हवंय? ढगांच्या चित्रात पांढरं काही दिसलं की ती पडदा बंद करून चहा करायला जायची, परत येऊन परक्याच्या नजरेने बघायची. हळूहळू तिने एक नियम करून टाकला. आपल्याला जे हवंसं वाटतं त्यातून एक पायरी कमी करायची. नियम चांगला वाटत होता. प्रामाणिक वाटत होता.

वहिनीच्या फोनला दोन दिवस झाले आणि गुरुवारी सकाळी नैऋत्येकडून, फरगाण्याच्या बाजूने, त्या जास्त दाबाच्या चादरीला एक दुमड पडलेली दिसली. मोठी नाही. अंगठ्याने दाबल्यासारखी. संगणकाच्या एका गणितात ती नारिनवर येऊन खोल होत होती, दुसऱ्या गणितात येता येताच विरत होती. मीरिमला ती दुमड इतकी हवीशी वाटली की तिला शरम आली. शेजाऱ्याच्या घरी जेवण बघून लाळ सुटावी तशी शरम. खुंटीवरचा कोट तिला दिसला. बालवाडीच्या दारातली छोटी बुटांची रांग दिसली. अंघोळीनंतरचे ओले केस, त्यातला भांग, "आई, दुखतंय". तिथे ती थांबली. बघ, ती स्वतःला म्हणाली, बघ कसं चाललंय तुझं.

तेवढ्यात फोन वाजला. सासरे होते. नेटवर्क धड नसलं की त्यांना टेकाडावर चढावं लागायचं. धापेबरोबर वाऱ्याचा आवाज येत होता.

"पोरी, बरी आहेस ना? ऐक. काल रात्रीपासून वारा फिरलाय. खालून वर यायचा तो आता वरून खाली येतोय, आणि उबदार आहे, हे मला आवडत नाही. मेंढ्या चरायच्या सोडून एकमेकींत डोकी खुपसून उभ्या आहेत. झार्किन येऊन बसलाय इथे माझ्याजवळ, तुझ्या तोंडाकडे बघत." मागे कोणीतरी हसलं. "काय म्हणतेस? उतरू का?"

"उतरा." एक शब्द. जिभेच्या टोकावर तो आलाही होता, गोड, जड. आणि तो गोड होता म्हणूनच मीरिमला त्याचा विश्वास वाटेना. उतरा म्हणजे मला माझी मुलगी द्या. उतरा म्हणजे तुमचं वर उभं राहिलेलं गवत सोडा, गंजी आधीच खायला काढा, आणि झार्किनसमोर दुसऱ्यांदा तोंडघशी पडा, कारण तुमच्या सुनेला वहिनी म्हटलेलं सोसलं नाही.

"नकाशात तसं मोठं काही दिसत नाही, अता," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला रेडिओवरच्या बाईसारखा वाटला. "ढग येतील. बर्फाची शक्यता नाही."

"नाही ना? बास तर मग." ते बाजूला वळून म्हणाले, "ऐकलंस? नाही म्हणतेय." आणि पुन्हा फोनमध्ये, "जिबेक इथेच आहे, घोड्यावर बसलीय. बोल गं. नाही म्हणतेय, लाजतेय. ठेवतो."

तिने वाक्य लिहिलं. रईसा बोरिसोव्हनाने त्या दुमडीवर पेन्सिल टेकवली, क्षणभर मीरिमकडे पाहिलं. "हे काय?"

"विरून जाईल असं वाटतं."

"वाटतं? तुला?" म्हातारीच्या चेहऱ्यावर कौतुकासारखं काही उमटलं. "शिकलीस." तिने सही केली.

शुक्रवारी बिश्केकमध्ये वसंत आल्यासारखं झालं. डोंगरावरून गरम, कोरडा वारा खाली उतरला, दुपारी पारा सव्वीसवर गेला, आणि एका लायलॅकच्या झुडपाला चक्क कळ्या आल्या म्हणून दोन मुली फोटो काढत होत्या. मीरिमला माहीत होतं असा वारा कधी येतो. डोंगराच्या पलीकडे हवा चढते, आपलं सगळं ओझं तिथे टाकते आणि मग हलकी, तापलेली होऊन अलीकडे घसरते. ओझं तिथे टाकते. पुस्तकात या ओळीखाली तिने कॉलेजात रेघ मारली होती. तीन वाजता नारिनकडच्या केंद्रांचे आकडे आले. लांबच लांब ओळ, त्यात ढग, दाब, वारा, आणि मध्ये पंच्याहत्तर. तिने पुन्हा वाचलं. पंच्याहत्तर म्हणजे दाट, न थांबणारा हिमवर्षाव. पुढच्या केंद्राचेही पंच्याहत्तर. त्याच्या पुढच्याने दृश्यता शंभर मीटर लिहिली होती. तिला वाटलं होतं की बर्फ आला तर आपल्या आत घंटा वाजेल. आत काहीच वाजलं नाही. फक्त तोंडाला धातूची चव आली, लहानपणी हिवाळ्यात कुलूप चाटलं होतं तशी.

सासऱ्यांचा फोन लागत नव्हता. सासूचा तर तिथे कधीच लागायचा नाही. खाली गावातल्या पोलीस ठाण्यात फोन लावला तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "ताई, वरच्या बाजूला आमचंही काही दिसत नाहीये. वारा थांबू दे. पाच-सहा घरं आहेत तिकडे अडकलेली. तुम्ही कोण?" मीरिम बोलता बोलता थांबली. "मी…" ती म्हणाली, "त्यांची सून." मी तुम्हाला बर्फ नाही म्हणून सांगणारी. मी त्या मुलीची. ती नुसती सून म्हणाली आणि फोन ठेवला.

रईसा बोरिसोव्हनाने तिच्यापुढे चहा ठेवला, साखर घालून ढवळूनही दिली. "सही माझी आहे," ती म्हणाली. "लोक काही बोलले तर माझं नाव सांग. हवामान आहे, लग्नाची पत्रिका नाही, की तारीख छापली म्हणजे आलंच पाहिजे." मीरिमला तिला सांगायचं होतं की तुम्ही समजता तसं ते चुकलेलं नाही. मला ते दिसलं होतं. पण ती चहा पीत राहिली. तिलेकचा फोन आला तेव्हाही तिने ते सांगितलं नाही. "तू उगाच जीव टांगून बसतेस," तो म्हणाला, "अता बर्फातच जन्मलाय. माणसं अशी मरत नसतात गं." मग दोघं एकमेकांच्या खोलीतले आवाज ऐकत राहिले. तिच्याकडे नळ ठिबकत होता. त्याच्याकडे कोणी रशियनमध्ये पत्त्यांवरून भांडत होतं. शनिवारचा दिवस ती दाराशी, कोटाखाली, जमिनीवर बसून होती. लोखंडी खोलीत शेणाच्या गोवऱ्या किती असतील. दोन पोती? चार? पोरीच्या पायात काय असेल. तिने कोटाच्या खिशात हात घातला. तिथे तिनेच सप्टेंबरात ठेवलेली एक गोळी होती, चांदीच्या कागदातली. ती बोटांत धरून ती बसली. बाहेर शहर उन्हात होतं. अंगणात मुलं शर्टाच्या बाह्या वर करून चेंडू खेळत होती, आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर ती दचकत होती.

रविवारी दुपारी फोन आला. आवाज सासऱ्यांचाच, पण घशात वाळू गेल्यासारखा. "उतरलो, पोरी. सगळे. पोर बरी आहे, माझ्या कोटाच्या आत बसून आली, अर्ध्या वाटेवर झोपलीसुद्धा. तू जेव आधी. तुझा आवाज जेवलेल्या माणसाचा नाहीये." मग सासूने फोन घेतला आणि कोरडेपणाने म्हणाली, "बर्फ पडला. ये, घेऊन जा."

सोमवारी तिने रजा टाकली आणि भाड्याच्या मोटारीत तीन अनोळखी माणसांबरोबर बसून निघाली. दोलोनच्या घाटात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, आणि वर आकाश पुन्हा तसंच निळं, निर्लज्ज. तेरेक-बाशी गावात सासऱ्यांच्या घरापुढे मेंढ्या कोंडल्या होत्या. कोंडवाडा सैल वाटत होता. तिने किती गेल्या ते विचारलं नाही. आत सासरे भिंतीला टेकून बसले होते, उजव्या हाताची बर्फाने भाजलेली तीन बोटं चरबी लावून फडक्यात बांधलेली. तिने लवून नमस्कार केला. जिबेक सासूच्या मागे, तिच्या झग्याची घडी तोंडात धरून उभी होती. गाल थंडीने तडकून काळपट लाल झाले होते. मीरिमला वाटलं होतं तिला उचलून घ्यावं. प्रत्यक्षात ती तिच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली, पाहुण्यासारखी.

चहा झाला. सासूने वाडगे उचलले. साडेसहा वाजले तसे सासऱ्यांनी डाव्या हाताने रेडिओ लावला. सवय. मऊ आवाजाची बाई म्हणाली, नारिन विभाग, आकाश निरभ्र.

"हे तू लिहिलंस?"

"नाही, अता. मी इथे आहे ना."

"हो की." ते हसले, ओठ फुटल्यामुळे अर्धेच. "झार्किन म्हणतो, तुझ्या सुनेने फसवलं. मी म्हटलं, गप बस. ती सगळ्या विभागाचं सांगते, तुझ्या टेकाडाचं नाही."

हे तिच्याने ऐकवेना. "अता, तुम्हाला कळलं होतं. वारा, मेंढ्या. तुम्ही का नाही उतरलात?"

ते फडक्यातल्या बोटांकडे बघत राहिले. "कळलं होतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं वर जातोय, न कळायला काय झालं. पण झार्किन समोर बसला होता. त्याच्या देखत तुला विचारलं, तू नाही म्हणालीस. त्यानंतर मी खोगीर घातलं असतं तर त्याचा अर्थ काय झाला असता? म्हाताऱ्याचा सुनेच्या शब्दावर विश्वास नाही. उद्या सगळ्या खोऱ्यात तेच. तुझा शब्द मी कसा खाली पाडायचा, पोरी?"

सासू पोरीचे कपडे पिशवीत भरत होती. तिचा हात थांबला नाही, पण मंदावला.

मीरिमने खाली बघितलं. लोकरीच्या नमद्यावरच्या शिंगांच्या नक्षीतली एक रेघ तिने डोळ्यांनी शेवटपर्यंत नेली आणि परत आणली. "मला दिसत होता बर्फ," ती म्हणाली. "नकाशात होता. पण मला तो हवा होता, अता. रोज हवा होता. म्हणून मला वाटलं, तो तिथे नाहीच, मीच आणलाय. म्हणून नाही लिहिला."

"हवा होता म्हणजे? कशाला हवा होता बर्फ?"

मीरिमची नजर झग्याच्या घडीआडच्या पोरीकडे गेली, आणि सासऱ्यांची तिच्या नजरेमागून. रेडिओवर गाणं लागलं होतं. त्यांनी तो बंद केला. खोलीत चुलीतली राख बसल्याचाही आवाज आला.

"अगं वेडे," शेवटी सासू म्हणाली, पिशवीत तोंड घातल्यासारखी, "बर्फाची काय वाट बघायची? मागायचं होतंस."

"मागायचं नसतं ना, अपा."

"नसतं," सासू म्हणाली. "मीही नव्हतं मागितलं. माझ्या पहिल्याला सासूने नेलं तेव्हा." आणि तिने पिशवीच्या तोंडाशी कुर्तच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पुरचुंडी कोंबली, नको इतक्या जोराने, आणि दोरी आवळली.

सकाळी मोटारीत जिबेक लाल कोटात मीरिमच्या मांडीवर ताठ बसली होती. कोट एक माप मोठा होता, बाह्यांतून बोटं दिसत नव्हती. सासरे दारापर्यंत आले नाहीत; सासू आली, तिने काचेला तळहात लावला आणि मोटार हलायच्या आधीच पाठ फिरवली. पोरगी रडली नाही. घाट येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. घाट उतरल्यावर बर्फ विरळ झाला, मग सावल्यांतच राहिला, मग संपला. बोआमच्या खिंडीत ऊन एवढं होतं की ड्रायव्हरने काच खाली केली. जिबेकच्या कपाळावर घाम आला. तिने बाहेर बघितलं, पुढे बघितलं, मागे वळून बघितलं.

"वहिनी, तुझ्या गावात बर्फ आहे का?"

"नाही," मीरिम म्हणाली. "अजून नाही."

"कधी पडणार?"

"मला माहीत नाही."

पोरीच्या कपाळाला आठी पडली. हे काहीतरी चुकत होतं. अपाने तिला सांगितलेलं वेगळं होतं. "पण बर्फ पडला की जायचं ना. तिथे नाहीच पडला. मग मला का नेतेस?"

मीरिमने कोटाचं वरचं बटण सोडलं. तिथे मानेजवळ घामाचा, धुराचा, मेंढीच्या चरबीचा वास होता. तो कुठल्याही आकड्यात नव्हता.

"मला तू हवी आहेस," ती म्हणाली. "म्हणून."

जिबेकने ते नीट ऐकून घेतलं, अता रेडिओचं ऐकतात तसं, आणि खरं आहे का ते बघायला खिडकीबाहेर पाहिलं.